कर्त्या माणसाचं खूळ : मोलिएर बसवताना

तुम्ही विचारलंय, की हौशी संस्थेसाठी मोलिएरचं 'कंजूष' बसवताना वाचनाला सगळे खळखळून हसले, पण नाटक उभं करायला घेतल्यावर नुसता आरडाओरडा आणि चाळे उरले. मग यातला उपहास शोधायचा कुठे, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधली ही खुळी माणसं इथल्या प्रेक्षकाला आपली कशी वाटणार? मी मोलिएरची चार नाटकं मराठीत बसवली आहेत, त्यातलं 'कंजूष' दोनदा. पहिल्यांदा माझी गाडीही नेमकी इथेच अडली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक करा. तुमचा आर्पागों, म्हणजे नाटकातला कंजूष बाप, करणारा नट तालमीला आला की त्याला विचारा, 'हा माणूस मूर्ख आहे असं तुला वाटतं का?' तो 'हो' म्हणाला तर अडचण तिथेच आहे. आपण ज्याला मूर्ख ठरवतो त्याची आपण नक्कल करायला लागतो, आणि नक्कल करताना नटाचं अर्धं लक्ष प्रेक्षकाकडे असतं. आमच्या पहिल्या प्रयोगात हेच झालं. नट कसलेला होता. वाकून चालणं, खोकला, नाण्यांचा आवाज आला की कान टवकारणं, सगळं त्यानं मेहनतीनं बसवलं होतं. पहिली वीस मिनिटं सभागृह गडगडून हसलं. दुसऱ्या अंकात हशा विरळ झाला आणि मध्यंतरानंतर लोक केवळ सौजन्यापोटी बसून होते. चाळे एकदा कळले की कळले, त्यांच्यात पुढे काही घडत नाही. माणसाला काहीतरी जिवाच्या आकांतानं हवं असेल तरच पुढे काही घडतं.

मोलिएर मुळात नट होता. हे विसरून त्याची नाटकं वाचली की तो उंच जागी बसून समाजावर कोरडे ओढणारा लेखक वाटतो. जन्म १६२२ सालचा, पॅरिसमधला. वडिलांकडे राजाच्या वाड्यातल्या गाद्या, पडदे, बैठकी सांभाळण्याचं मानाचं काम होतं, आणि तेच पुढे मुलाकडे यायचं होतं. ते सोडून १६४३ मध्ये त्यानं नटी मादलेन बेझार आणि तिच्या माणसांबरोबर नाटक मंडळी काढली. दोन वर्षांत मंडळी कर्जात बुडाली आणि त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. मग तेरा वर्षं फ्रान्सच्या गावोगाव फिरती. १६५८ मध्ये तो पॅरिसला परतला आणि चौदाव्या लुईसमोर त्यानं आधी एक शोकनाटक आणि मग एक छोटा फार्स केला. राजाला आवडला तो फार्स. सुरुवातीला मिळालेलं नाट्यगृह त्याला स्कारामूशच्या इटालियन मंडळीबरोबर वाटून घ्यावं लागलं, आणि मुखवट्यांच्या त्या कॉमेडीतला हाताळणीचा नेमकेपणा त्याला रोज जवळून बघता आला.

इतकं सगळं पाहिलेल्या माणसानं स्वतःसाठी कोणत्या भूमिका ठेवल्या ते बघा. 'तार्त्युफ'मध्ये त्यानं ढोंगी तार्त्युफ केला नाही, त्या ढोंग्याला डोक्यावर बसवणारा घरधनी ऑर्गों केला. 'बायकांची शाळा'मध्ये आर्नोल्फ, 'कंजूष'मध्ये आर्पागों, 'बडा असामी'मध्ये झूर्दां, 'मानीव रोगी'मध्ये आर्गां. ज्याचं हसं होणार तो प्रत्येक वेळी स्वतः नाटककार. जो नट स्वतःच्या शरीरानं ही माणसं रोज जगतो, तो त्यांना आतून ओळखतो. आर्पागोंचा खोकला आठवा. लग्नं जुळवणारी फ्रोझीन त्याला म्हणते, 'खोकला तुम्हाला शोभून दिसतो.' तो खोकला मोलिएरचा स्वतःचा होता. छातीचं दुखणं रंगमंचावर लपणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं ते भूमिकेतच घालून टाकलं.

आता उपहास कुठे, ते सांगते. माझं उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'घरात'. खूळ कुणाच्याही डोक्यात शिरतं. शेजारच्या माणसाला पैशाचं, पूजाअर्चेचं, औषधांचं वेड असेल तर ती गंमतीची गोष्ट असते. मोलिएर ते खूळ घरातल्या कर्त्या माणसाच्या डोक्यात घालतो. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली आहे, नोकर ठेवायचे की काढायचे हे जो ठरवतो, आणि मुख्य म्हणजे मुलीचं लग्न कुणाशी हे ज्याच्या एका शब्दावर ठरतं, तो. त्या काळच्या फ्रान्समध्ये बापाच्या संमतीशिवाय लग्न जवळपास अशक्य होतं आणि न ऐकणाऱ्या मुलीपुढे दुसरी वाट मठाची. म्हणून ऑर्गोंला भक्तीचं खूळ लागलं की त्याची मुलगी त्या भोंदूला द्यायची ठरते. आर्गांला आजाराचं खूळ, म्हणून त्याला जावई डॉक्टर हवा. झूर्दांला उमरावांच्या थाटाचं खूळ, म्हणून जावई उमराव हवा. 'विदुषी'मध्ये तर आईला विद्वत्तेचं खूळ आहे, आणि ती धाकटीला एका भुक्कड कवीच्या गळ्यात बांधायला निघते. खूळ बापाचं किंवा आईचं, किंमत मोजायची मुलीनं. एवढं लक्षात ठेवलंत तर कुठलाही प्रवेश बसवताना हात चुकणार नाही.

मी आता तालीम मुलीपासूनच सुरू करते. आर्पागोंला आठवडाभर बाजूला ठेवते आणि एलीझकडून तिचे प्रवेश करून घेते. तिला आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे. पन्नाशीच्या आसामीशी, म्हणजे आंसेल्मशी, आज रात्रीच लग्न लावायचं बापानं ठरवलंय. पहिल्या अंकातला तो प्रवेश घ्या. घरात कारभारी म्हणून शिरलेला तिचा प्रियकर वालेर हळूच एकेक आक्षेप काढतो : वयात अंतर फार आहे, मुलीचं मनही बघायला हवं, लग्न म्हणजे जन्माचा प्रश्न. आर्पागोंचं प्रत्येकाला एकच उत्तर : 'हुंड्याशिवाय!' आंसेल्म हुंडा न घेता करतोय. वालेर पुन्हा बोलतो. 'हुंड्याशिवाय!' हा शब्द ओरडून म्हणायचा नाही. आर्पागोंला खरोखरच वाटतं की यापुढे कुणाला काही म्हणायला जागाच उरलेली नाही. एखाद्यानं गणित सोडवून दाखवावं तितक्या समाधानानं तो ते म्हणतो. शेवटी वालेरच कबूल करतो, की हुंड्याशिवाय म्हणजे रूप, तारुण्य, कुळ, अब्रू, शहाणपण, सचोटी सगळं त्यात आलं. आणि आर्पागों खूश होतो : काय बोललास पोरा!

हा सगळा वेळ एलीझ रंगमंचावर उभी असते. पहिल्यांदा मी तिला मागे, खिडकीपाशी नेऊन ठेवलं होतं, कारण प्रवेश दोन पुरुषांचा आहे असं मला वाटलं. दुसऱ्यांदा तिला दोघांच्या मध्ये आणलं. बाप तिच्या डोक्यावरून बोलतोय, वालेरही तिच्या डोक्यावरून बोलतोय. फरक एवढा पडला की पहिल्या दोन 'हुंड्याशिवाय'ना मोठा हशा आला, तिसऱ्याला कमी, आणि चौथ्याला सभागृहाच्या एका बाजूला एकदम शांतता. फ्रेंच प्रेक्षकासाठी त्या शब्दात कंजुषी आहे. आपल्याकडे त्यात आणखी बरंच काही आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, आणि तरी हा शब्द ऐकून आजही थिएटरात काही बायका खुर्चीत सावरून बसतात. ती शांतता घालवू नका. पुढचं वाक्य घाईनं टाकू नका.

दुसऱ्या अंकातला कर्जाचा प्रवेश तर मला या नाटकाचा कणा वाटतो. मुलगा क्लेआंत दलालामार्फत एका अनोळखी सावकाराकडून पंधरा हजार फ्रँक उचलायला निघालाय. अटी वाचल्या जातात. व्याज चढत चढत पंचवीस टक्क्यांच्या वर जातं. शिवाय बारा हजारच रोख, उरलेल्या तीन हजारांऐवजी जुनं सामान : पलंग, पडदे, तारा जवळजवळ शाबूत असलेलं ल्यूट नावाचं एक तंतुवाद्य, आणि गवत भरलेली घोरपडीसारख्या प्राण्याची साडेतीन फुटी कातडी, छताला टांगायला. ही यादी वेगानं वाचू नका. एकेका वस्तूला क्लेआंतच्या चेहऱ्याला वेळ द्या. त्यानंतर तिकडे दलाल सावकाराला सांगतो की पोरगा श्रीमंत घरचा आहे आणि आठ महिन्यांच्या आत त्याचा बाप मरेल अशी तो हमी देतो. सावकार म्हणतो, हे एक बरं आहे. माणसानं माणसाच्या उपयोगी पडावं. तो सावकार आर्पागों आहे. ज्या बापाच्या मरणाची हमी ऐकून तो सुखावला, तो बाप तोच. आणि मग दोघं समोरासमोर येतात. 'असल्या कर्जांनी स्वतःचा नाश करून घेणारा तो तूच?' 'असल्या व्याजानं श्रीमंत होऊ बघणारे ते तुम्हीच?' इथे दोघंही खरं बोलताहेत. हसू येतं ते या खरेपणामुळे येतं, त्यावर आणखी काही करायची गरज नाही.

याच नाटकात खरं बोलणाऱ्याचं काय होतं तेही दाखवलंय. स्वयंपाकी आणि गाडीवान अशी दोन्ही कामं करणारा मेत्र झाक मालकाला विचारतो, लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात ते सांगू का, रागावणार नाही ना? मालक म्हणतो, सांग. तो सांगतो आणि मार खातो. पुढे अंगलट येणाऱ्या त्याच्या सगळ्या खोट्या साक्षीचं मूळ या मारात आहे. तुमचा मेत्र झाक करणारा नट हा मार गमतीत घेत असेल तर त्याला थांबवा.

'तार्त्युफ'चा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण खुळाची वाढ कशी होते ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. दोन दिवसांनी गावाहून परतलेला ऑर्गों मोलकरीण दोरीनला घरची खबर विचारतो. ती सांगते, बाईसाहेबांना ताप होता, डोकं दुखत होतं. 'आणि तार्त्युफ?' तो? गुटगुटीत, चेहऱ्यावर तुकतुकी. 'बिचारा!' बाईसाहेबांना रात्री घास गेला नाही. 'आणि तार्त्युफ?' त्यानं दोन तित्तिर आणि अर्धी मेंढीची तंगडी संपवली. 'बिचारा!' असं चार वेळा. लेखनात हे यंत्रासारखं दिसतं, आणि यंत्रासारखं केलंत तर तिसऱ्या फेरीला मरतं. ऑर्गोंच्या 'बिचारा'मध्ये ओलावा असायला हवा. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पवित्र वाटलंय, आणि त्या प्रेमानं त्याला बायकोचा ताप ऐकूच येत नाहीये. मी ऑर्गों करणाऱ्या नटाला सांगितलं होतं, तुझं एक लेकरू आजारी आहे असं समजून विचार. त्या दिवसापासून तो प्रवेश उभा राहिला.

चौथ्या अंकात ऑर्गोंची बायको एल्मीर नवऱ्याला टेबलाखाली बसवते आणि तार्त्युफला बोलावते. भोंदू तिच्या अंगाशी यायला लागतो, ती खोकून खोकून खूण करते, आणि ऑर्गों बाहेर येत नाही. किती वेळ येत नाही! तार्त्युफ तिला खोकल्यावर ज्येष्ठमधाचा रस देऊ करतो, तरी नाही. तो ऑर्गोंबद्दल म्हणतो की हा नाकाला धरून कुठेही न्यावा असा माणूस आहे, आणि मग तार्त्युफ बाहेर गेल्यावर ऑर्गों टेबलाखालून निघतो. एल्मीर त्याला म्हणते, 'इतक्यात आलात? आत जा परत, अजून वेळ आहे.' तिच्या या वाक्यावर लोक हसतात आणि तिचा अपमान त्यांच्या पोटात शिरतो, दोन्ही एकाच क्षणी. मला विचाराल तर मोलिएरच्या लेखनातलं हे सर्वोत्तम वाक्य आहे.

या नाटकानं सत्तेला किती बोचलं याचा हिशेब तारखांत आहे. मे १६६४ मध्ये व्हर्सायला पहिला प्रयोग झाला आणि लगेच जाहीर प्रयोगांवर बंदी आली. ऑगस्ट १६६७ मध्ये नाव आणि वेश बदलून केला, पुन्हा बंदी. पॅरिसच्या आर्चबिशपनं तर नाटक बघणाऱ्या, वाचणाऱ्या, ऐकणाऱ्यालाही बहिष्काराची धमकी दिली. ५ फेब्रुवारी १६६९ ला शेवटी मोकळीक मिळाली. पाच वर्षं एका नाटकासाठी लढणाऱ्या माणसाला लोक 'हलकंफुलकं लिहिणारा' म्हणतात तेव्हा मला राग येतो. त्याच्याच एका पात्राचं वाक्य आहे : सभ्य माणसांना हसवणं हा मोठा अजब उद्योग आहे. आणि तेच पात्र हेही म्हणतं, की अर्ध्या लुईचं, म्हणजे सोन्याच्या नाण्याचं, तिकीट आणि पंधरा सूंचं, म्हणजे सुट्या पैशांचं, तिकीट यातल्या फरकाचा रसिकतेशी काही संबंध नाही. पंधरा सू देऊन खाली उभं राहून बघणाऱ्यांवर त्याचा भरवसा होता.

'मानीव रोगी'ची सुरुवात तुमच्या नटांकडून मोठ्यानं वाचून घ्या, तुम्ही ते नाटक करत नसलात तरी. आर्गां एकटा बसून औषधवाल्याचं बिल तपासतोय, प्रत्येक रकमेत काटछाट करतोय. मग बेरीज : या महिन्यात आठ औषधं आणि बारा एनिमे, गेल्या महिन्यात बारा औषधं आणि वीस एनिमे. म्हणूनच या महिन्यात बरं वाटत नाहीये! तर्क अगदी बिनचूक आहे, चुकीची आहे ती फक्त पहिली पायरी. मोलिएरची सगळी खुळी माणसं अशीच आहेत. त्यांची बुद्धी शाबूत असते, खुळाच्या चाकरीला लागलेली असते. याच नाटकात आर्गां मोलिएर नावाच्या नाटककाराला शिव्या घालतो आणि म्हणतो, मी डॉक्टर असतो तर हा आजारी पडल्यावर याला तसाच मरू दिला असता. हे वाक्य म्हणणारा नट खुद्द मोलिएर होता, आणि त्याची छाती तेव्हा खरोखर पोखरलेली होती. १७ फेब्रुवारी १६७३ ला, चौथ्या प्रयोगात, त्याला रंगमंचावर झटका आला. प्रयोग त्यानं पुरा केला आणि त्याच रात्री घरी तो गेला. नट म्हणून त्याला धार्मिक दफन नाकारलं गेलं. बायको आर्मांदनं राजाकडे धाव घेतल्यावर रात्रीच्या अंधारात, गाजावाजा न करता पुरायची परवानगी मिळाली.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आपल्या प्रेक्षकाचा. मोलिएर मराठी रंगभूमीला परका नाही. हरि नारायण आपट्यांनी 'मारून मुटकून वैद्यबुवा' त्याच्यावरूनच केलं. देवलांचं 'संशयकल्लोळ' मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलं, आणि मर्फीनं ते मोलिएरच्या 'स्गानारेल'वरून घेतलं होतं. देवलांच्या १८९३ च्या गद्य नाटकाचं नावच 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. स्गानारेलच्या घरातही आग लागते ती एका तसबिरीनंच. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेताना आपण हसतो, तेव्हा ती नाडी कुठली हे कुणाला सांगावं लागत नाही. तुम्ही करताय त्याच नाटकावरून अत्र्यांनी 'कवडीचुंबक' केलं. म्हणून रूपांतर करायचं की नावं फ्रेंच ठेवायची यावर फार झुरू नका. मी दोन्ही करून पाहिलं. फ्रेंच नावं ठेवली तरी बोली आपली हवी, आणि नाती आपली हवीत. दोरीन किंवा क्लेआंतचा गडी ला फ्लेश मालकाला 'अहो' म्हणतील आणि त्याच श्वासात त्याला ऐकवतील. घरात जन्म काढलेल्या गड्याला-बाईला तो हक्क असतो. एलीझ बापाला 'बाबा, तुम्ही' म्हणेल. क्लेआंत भांडणात चुकून 'तू'वर आला तर तो प्रयोगातला मोठा क्षण होईल, म्हणून तो एकदाच ठेवा.

चौथ्या अंकातल्या स्वगताबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नाटक तिथेच जिंकतं किंवा पडतं. आर्पागोंची पैशांची पेटी चोरीला गेलीय. आर्पागों 'चोर, चोर' करत येतो, कुणाचा तरी हात पकडतो आणि कळतं की तो त्याचाच हात आहे. मग तो प्रेक्षकांकडे बघतो : इतकी माणसं कशाला जमलीत? सगळे माझ्याकडे बघून हसताहेत, यांचाही चोरीत हात असणार. त्या काळी नाट्यगृहात मेणबत्त्या प्रेक्षकांवरही तेवत असत आणि बडे लोक रंगमंचावरच खुर्च्या टाकून बसत. नटाला खरे चेहरे दिसत होते. आपण सभागृह काळोखात बुडवतो आणि नट काळोखाशी बोलतो. इथे सभागृहातले दिवे थोडे वर आणा. नटाला एका माणसाच्या डोळ्यांत बघायला सांगा, आणि त्यानं त्या माणसावर खरोखर संशय घ्यावा. मिशीला पीळ नको, डोळे वटारणं नको. आमच्या दुसऱ्या वेळच्या प्रयोगात पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी नकळत दोन्ही हात वर केले. सगळं सभागृह हसलं आणि नट हसला नाही.

शेवटी सगळ्यांची लग्नं ठरतात, हरवलेली मुलं बापाला सापडतात, आणि आर्पागोंमध्ये काहीही बदल होत नाही. लग्नाचा खर्च त्यानं दुसऱ्याच्या माथी मारलाय, लग्नात घालायला नवा कपडाही तो आंसेल्मकडूनच मागून घेतो. बाकीचे आनंदाची बातमी सांगायला निघतात आणि तो म्हणतो, मी माझ्या लाडक्या पेटीला बघायला जातो. तिथे त्याला पश्चात्ताप देऊ नका, करुण संगीत लावू नका. पेटीची काळजी घ्या. तिच्यात दहा हजार एक्यू (त्या काळचं फ्रेंच चलन) किमतीची सोन्याची नाणी आहेत, आणि बहुतेक प्रयोगांत नट ती रिकाम्या खोक्यासारखी उचलतो. आम्ही तिच्यात वाळूच्या पिशव्या भरल्या होत्या, जवळजवळ वीस किलो. पहिल्या तालमीपासून तशीच भरा. नटाला ती उचलताना गुडघ्यात वाकावं लागेल, छातीशी धरावी लागेल, आणि विंगेत पोचेपर्यंत श्वास लागेल.